जाळीवरचे भरतकाम : उतारवयात शिकावी अशी कला

साठी-सत्तरी ओलांडलेल्या माणसाला घरात सर्वाधिक वेळा ऐकावे लागणारे वाक्य कोणते, असे कोणी विचारले तर उत्तर शोधण्यास फार वेळ लागणार नाही. ‘आता तुम्ही नुसता आराम करा.’ या वाक्यामागे माया असते, काळजी असते, यात शंका नाही. परंतु त्याचा परिणाम काय होतो, हे आम्हा डॉक्टरांना दवाखान्यात रोज दिसते. आधी गॅसजवळचे काम हातून जाते, मग भाजी निवडण्याचे. बँकेचे व्यवहार मुलाच्या मोबाइलवर जातात, बाजाराची पिशवी सुनेच्या हाती जाते. एकेक काम सुटत सुटत एके दिवशी दोन्ही हात मांडीवर येऊन स्थिरावतात आणि समोर टीव्ही चालू राहतो. बोटांचे सांधे आखडू लागतात, दुपारची झोप लांबते, रात्रीची उडते, आणि ‘कशातच मन लागत नाही’ ही तक्रार घेऊन ती व्यक्ती दवाखान्यात येऊन बसते. रक्तदाब ठीक असतो, साखर आटोक्यात असते. पण दिवस रिकामा झालेला असतो.

अशा वाचकांना, आणि त्यांची काळजी वाहणाऱ्या मुला-सुनांना, आज एका कलेची ओळख करून द्यावयाची आहे. पाश्चात्त्य देशांत तिला ‘नीडलपॉइंट’ म्हणतात. आपण तिला जाळीवरचे भरतकाम म्हणू. वेळ घालविण्याचे एक साधन म्हणून मी तिची शिफारस करीत नाही. वेळ घालविण्यासाठी टीव्ही पुरेसा आहे. ही कला शिकावी, क्रमाक्रमाने शिकावी आणि घरच्यांनीही तिच्याकडे ‘आजीचा विरंगुळा’ म्हणून न पाहता एक अभ्यास म्हणून पाहावे, एवढेच या लेखाचे सांगणे आहे.

ही कला नेमकी कोणती?

आपल्यापैकी अनेकींनी शाळेत शिवणाच्या तासाला मॅटीच्या कापडावर फुलीचा टाका घातला असेल. पोपटांची जोडी, ‘सुस्वागतम्’ अशी अक्षरे, कडेने वेल आणि वर काच लावलेली चौकट. मध्यमवर्गीय मराठी घरांच्या पुढच्या खोलीत असे एखादे काम हमखास दिसे. जाळीवरचे भरतकाम हे त्याच कुळातले. फरक एवढाच, की मॅटीवर आपण नक्षीपुरते टाके घालतो आणि उरलेले कापड तसेच मोकळे राहते. नीडलपॉइंटमध्ये मात्र जाळीदार कॅनव्हासचा प्रत्येक छेद धाग्याने झाकला जातो. मूळ कापड कुठेच दिसत नाही. त्यामुळे तयार होणारी वस्तू जाड, घट्ट आणि टिकाऊ असते. युरोपात खुर्च्यांच्या बैठकी, उशांचे अभ्रे, भिंतीवर टांगावयाची चित्रे आणि प्रार्थनामंदिरांत गुडघे टेकण्याच्या गाद्या या पद्धतीने शतकानुशतके बनत आल्या आहेत.

ठिपक्यांची रांगोळी ज्यांनी काढली आहे, त्यांना या कलेचे व्याकरण निम्मे ठाऊक आहे असे समजावे. ठिपके मोजणे, ओळ न चुकणे, मध्यापासून दोन्हीकडे समतोल राखणे, हेच येथेही करावयाचे असते. चित्रकलेचा हात नसला तरी चालते. चौकटींच्या कागदावर नमुना असतो. कागदावरची एक चौकट म्हणजे कॅनव्हासवरचा एक टाका. १९व्या शतकाच्या आरंभी बर्लिन शहरातून असे हाताने रंगविलेले चौकटींचे नमुने प्रसिद्ध होऊ लागले आणि लोकरीचे हे काम युरोपातील घराघरांत पोहोचले. ज्याला मोजता येते त्याला हे काम करता येते, हे त्या कागदांनी सिद्ध केले.

काही हात, काही माणसे

स्कॉटलंडची राणी मेरी ही इंग्लंडमध्ये सुमारे १९ वर्षे कैदेत होती आणि १५८७ मध्ये तिचा शिरच्छेद झाला. त्या कैदेत तिने, आणि तिच्यावर पहारा ठेवणाऱ्या उमरावाची पत्नी बेस ऑफ हार्डविक हिने मिळून, कॅनव्हासवर रेशमाने प्राणी, पक्षी, मासे आणि वनस्पती भरल्या. त्यांतील बरेच काम आज ‘ऑक्सबर्ग हँगिंग्ज’ या नावाने ओळखले जाते. १५६९ मध्ये तिला भेटावयास गेलेल्या निकोलस व्हाइट नावाच्या अधिकाऱ्याने पत्रात लिहून ठेवले आहे, की बाहेर हिंडता येत नसल्याने राणी दिवसभर सुई चालविते, रंगांच्या वैविध्यामुळे तिला काम कंटाळवाणे वाटत नाही आणि दुखू लागेपर्यंत ती थांबत नाही. डॉक्टर म्हणून मला यातील शेवटचा भाग महत्त्वाचा वाटतो. त्याविषयी पुढे सांगेनच.

दुसरे उदाहरण वयाचे आहे. ब्रिटनचे राजे पाचवे जॉर्ज यांची पत्नी राणी मेरी यांनी दुसऱ्या महायुद्धाच्या काळात हाती घेतलेला एक गालिचा १९५० मध्ये लोकांसमोर आला. बारा भाग स्वतंत्रपणे भरून ते एकत्र जोडलेले होते. युद्धानंतर डॉलरच्या टंचाईत सापडलेल्या आपल्या देशाला हातभार लागावा म्हणून त्यांनी तो देऊन टाकला, आणि शेवटी तो कॅनडात गेला. १८६७ मध्ये जन्मलेल्या या बाईंचे वय तेव्हा ८२ होते. एवढे मोठे काम बारा लहान कामांत वाटून घेणे, हा त्यातला धडा आपल्याला उपयोगी पडणारा आहे.

‘हे तर बायकांचे काम’ असे म्हणून पान उलटण्याच्या बेतात असलेल्या पुरुष वाचकांनी थोडे थांबावे. पहिल्या महायुद्धात जखमी होऊन परतलेला इंग्लिश नट अर्नेस्ट थेसिगर हा भरतकामात निष्णात होता, आणि अपंगत्व आलेल्या सैनिकांना भरतकाम शिकवून त्यातून कमाई मिळवून देणाऱ्या उपक्रमात त्याचा पुढाकार होता. अमेरिकी फुटबॉलमधील धिप्पाड खेळाडू रोझी ग्रिअर याने तर १९७३ मध्ये पुरुषांसाठी नीडलपॉइंटचे पुस्तकच काढले. ज्या हातांनी आयुष्यभर लेथ चालविला, नकाशे काढले किंवा हिशेबाच्या वह्या लिहिल्या, त्या हातांना मोजमापाचे हे काम विशेष रुचते, असा माझाही अनुभव आहे.

औषध नव्हे, पण निरर्थकही नव्हे

या कलेने स्मृतिभ्रंश टळतो, रक्तदाब उतरतो किंवा संधिवात बरा होतो, असे कोणी सांगितल्यास त्यावर विश्वास ठेवू नये. असे सिद्ध झालेले नाही. जे अभ्यास झाले आहेत ते काय सांगतात? २०१३ मध्ये ब्रिटनमधील व्यवसायोपचाराच्या एका नियतकालिकात साडेतीन हजारांहून अधिक विणकाम करणाऱ्यांची पाहणी प्रसिद्ध झाली. जे अधिक वेळा विणकाम करीत, त्यांनी अधिक शांत आणि आनंदी वाटत असल्याचे नोंदविले. २०१५ मध्ये अमेरिकेतील मेयो क्लिनिकच्या संशोधकांनी ८५ वर्षे व त्यापुढील वयाच्या २५६ व्यक्तींचा अभ्यास प्रसिद्ध केला. मध्यम वयात आणि उतारवयात चित्रकला, हस्तकला यांत रमणाऱ्यांमध्ये विचारशक्ती व स्मरणशक्ती मंदावण्याचे प्रमाण कमी आढळले. मात्र कलेमुळे मेंदू सुदृढ राहिला, की मुळात सुदृढ असलेली माणसेच कलेकडे वळली, हे अशा पाहणीवरून ठामपणे सांगता येत नाही.

मग उपयोग काय? जे रोज डोळ्यांना दिसते ते सांगतो. बोटांची चिमट, मनगटाचे वळण आणि डोळा व हात यांचा मेळ या तिन्हींना सौम्य पण नियमित काम मिळते. मोजण्यासाठी लक्ष एकाग्र करावे लागते. ‘उद्या पान पूर्ण करायचे आहे’ असा उद्याचा दिवस मिळतो. आणि संध्याकाळी हात फिरवून पाहता येईल असे काही तरी सकाळपेक्षा वाढलेले असते. आजारपणात व वार्धक्यात बहुतेक गोष्टी कमी होत जातात. येथे एक गोष्ट वाढत जाते.

यात ‘शिकणे’ मात्र हवे. एकच नमुना वर्षभर यांत्रिकपणे भरीत राहिल्यास हात चालतात, बुद्धी मात्र फारशी चालत नाही. नवा टाका, नवी रंगसंगती, पहिल्यापेक्षा थोडा अवघड नमुना, अशी पायरी चढत गेल्यास त्या कामाला अभ्यासाचे रूप येते. आणि एक सावधगिरी. उदासपणा, रडू येणे, भूक व झोप बिघडणे हे दोन आठवड्यांहून अधिक काळ टिकल्यास सुई-दोऱ्यावर विसंबून न राहता डॉक्टरांना भेटावे. नैराश्य हा आजार आहे आणि त्यावर उपचार आहेत.

साहित्य आणि पहिला टाका

कॅनव्हासची जाळी एका इंचात किती छेद आहेत त्यावरून ओळखली जाते. १८ छेदांची जाळी बारीक, १० छेदांची मोठी. उतारवयात आरंभ करणाऱ्याने ७ छेदांच्या प्लॅस्टिक कॅनव्हासपासून सुरुवात करावी, असे मी सुचवीन. तो ताठ असतो, त्याला ताणून धरणारी चौकट लागत नाही, कडा उसवत नाहीत आणि छिद्रे स्पष्ट दिसतात. हिशेब करून पाहा. ४ इंच लांब व ४ इंच रुंद तुकड्यावर ७ छेदांच्या जाळीत २८ गुणिले २८ म्हणजे ७८४ टाके येतात. मिनिटाला पाच टाके या संथ गतीने रोज वीस मिनिटे बसल्यास आठ दिवसांत पेल्याखाली ठेवण्याची एक चौकोनी बैठक तयार होते. तेवढाच तुकडा १८ छेदांच्या जाळीवर घेतला तर ५,१८४ टाके घालावे लागतील. पहिल्याच कामात धीर सुटू नये म्हणून हा हिशेब आधी करावा.

सुई बोथट टोकाची आणि मोठ्या नेढ्याची घ्यावी. दुकानात ‘टॅपेस्ट्री नीडल’ म्हणून मागावी. सुईचा क्रमांक जितका मोठा तितकी सुई बारीक. ७ छेदांच्या जाळीला १६ क्रमांकाची, १० छेदांच्या जाळीला १८ क्रमांकाची सुई योग्य ठरते. प्लॅस्टिकच्या जाळीसाठी घरातील विणकामाची उरलेली लोकर चालते. पुढे कापडी कॅनव्हासवर गेल्यावर मात्र या कामासाठी मिळणारी, पीळ घट्ट असलेली लोकर घ्यावी. विणकामाची लोकर छिद्रांतून वारंवार ओढली गेल्याने विरते.

धागा हातभर घ्यावा, म्हणजे कोपरापासून बोटांच्या टोकापर्यंत, सुमारे ४५ सेंटिमीटर. त्याहून लांब धागा गुंततो आणि प्रत्येक टाक्याला खांदा विनाकारण उंचवावा लागतो. धागा ओवण्यासाठी त्याचे टोक ओले करून नेढ्यात घालण्याची धडपड करू नये. धागा सुईवर दुमडून चिमटीत घट्ट दाबावा, सुई काढून घ्यावी आणि ती दुमड नेढ्यात सरकवावी. थरथरत्या हातांनाही हे जमते.

मूळ टाका एकच, तो म्हणजे तिरपा टाका. मागून सुई खालच्या डाव्या छिद्रातून वर काढावी आणि एक छेद ओलांडून वरच्या उजव्या छिद्रात खाली घालावी. झाला टाका. सर्व टाके एकाच दिशेला झुकलेले हवेत. एखादा उलट झुकला तर तो लगेच नजरेत भरतो. आरंभी गाठ मारू नये. धाग्याचे इंचभर टोक मागे सोडून पुढच्या टाक्यांखाली दाबून टाकावे. शेवटी धागा मागच्या टाक्यांतून ओवून कापावा. मधूनमधून सुई सोडून धागा लोंबू द्यावा, म्हणजे त्याचा पीळ आपोआप उलगडतो.

हाच तिरपा टाका तीन प्रकारे घालता येतो. आडव्या ओळीत घालण्याच्या दोन पद्धती आहेत. अर्ध्या फुलीच्या पद्धतीत मागच्या बाजूला लहान उभे टाके पडतात आणि धागा कमी लागतो. ‘कॉन्टिनेन्टल’ पद्धतीत मागे लांब तिरपे टाके पडतात आणि काम अधिक भरीव होते. तिसरी पद्धत कर्णरेषेत जाणारी. तिच्यात मागची बाजू टोपलीच्या विणीसारखी दिसते. आडव्या ओळींच्या कामाने कापडी कॅनव्हास एका बाजूला तिरका ओढला जातो, कर्णरेषेच्या कामाने तो सर्वांत कमी ओढला जातो. म्हणून पहिले काम अर्ध्या फुलीने, दुसरे कॉन्टिनेन्टलने आणि तिसरे कर्णरेषेने, असा क्रम ठेवावा. तिरके झालेले काम किंचित दमट करून, फळीवर चौकोनात ताणून, टाचण्या लावून पूर्ण वाळू दिल्यास सरळ होते.

तिरप्या टाक्याचा कंटाळा आला की ‘बार्जेल्लो’ शिकावे. इटलीतील फ्लॉरेन्स शहराच्या बार्जेल्लो या वास्तूत, जी आता संग्रहालय आहे, जुन्या खुर्च्यांवर हे काम आढळते. त्यावरून हे नाव पडले. यात उभे, लांब टाके असतात. एक टाका जाळीचे चार धागे ओलांडतो आणि पुढचा टाका दोन धागे वर किंवा खाली सरकतो. त्यातून ज्वाळांसारख्या नागमोडी ओळी तयार होतात. पहिली ओळ तेवढी मोजावी लागते. पुढच्या साऱ्या ओळी तिच्यामागून चालतात. काम भराभर वाढते आणि डोळ्यांना ताण कमी पडतो. येथेच या कलेतील रंगांचा खरा अभ्यास सुरू होतो. एकाच रंगाच्या चार छटा फिक्यापासून गडदपर्यंत लावल्या तर एक परिणाम होतो, मध्येच विरोधी रंगाची एक ओळ घातली तर दुसरा. पैठणीच्या काठातील रंगांची सांगड, दारातली जास्वंद, पावसाळ्यातला डोंगर, हे सारे मग वेगळ्या नजरेने पाहिले जाते.

डोळे, बोटे आणि मान

साठीतल्या डोळ्याच्या पडद्यापर्यंत विशीच्या मानाने सुमारे एक तृतीयांशच प्रकाश पोहोचतो. म्हणून ‘मला हल्ली बारीक दिसत नाही’ असे वाटण्यामागे अनेकदा अपुरा उजेड हेच कारण असते. खिडकीपाशी, सकाळच्या उजेडात बसावे. दिवा लागत असल्यास उजव्या हाताने काम करणाऱ्याने तो डाव्या बाजूने घ्यावा, म्हणजे हाताची सावली पडत नाही. पांढरा कॅनव्हास असल्यास मांडीवर गडद रंगाचे कापड पसरावे. छिद्रे उठून दिसतात. दोन भिंगांचा चष्मा असणारी माणसे खालच्या भिंगातून पाहण्यासाठी मान मागे टाकतात आणि मग मान धरते. अशांनी जवळच्या कामासाठी वेगळा चष्मा करून घ्यावा आणि आपण काम किती अंतरावर धरतो ते नेत्रतज्ज्ञांना सांगावे.

अंगठ्याच्या मुळाशी दुखत असल्यास सुई चिमटीत फार घट्ट धरू नये. सुईला जेथे धरतो तेथे मऊ कापडी चिकटपट्टीचे दोन वेढे दिल्यास ती जाड होते आणि पकड सैल ठेवता येते. सकाळी बोटे आखडत असतील तर कोमट पाण्यात दहा मिनिटे हात बुडवून मग काम हाती घ्यावे. मधुमेहींनी पाण्याची ऊब दुसऱ्याकडून तपासून घ्यावी. वीस मिनिटे झाली की काम खाली ठेवून काही क्षण लांब पाहावे, खांदे फिरवावेत, उठून पाणी प्यावे. तासन्‌तास पाय लोंबते ठेवून बसल्याने पावलांना सूज येते, हेही ध्यानात असू द्यावे. राणी मेरी दुखू लागेपर्यंत थांबत नसे. आपण दुखण्यापूर्वी थांबावे.

आजार असतानाही

मधुमेहामुळे बोटे बधिर झालेल्यांना आणि रक्त पातळ करणारी गोळी घेणाऱ्यांना इतर भरतकामापेक्षा हे काम सुरक्षित, कारण सुई बोथट असते. कात्री मात्र छोटी आणि बोथट टोकाची वापरावी.

हात थरथरणाऱ्या प्रत्येकाला कंपवातच असतो असे नाही. कंपवाताची थरथर बहुधा हात स्वस्थ असताना अधिक दिसते आणि काम करताना कमी होते. दुसऱ्या एका प्रकारात हात कामाला लागला की थरथर वाढते. पहिल्या प्रकारातील व्यक्तीला मोठ्या छिद्रांच्या जाळीवर काम जमू शकते. दुसऱ्या प्रकारात दोन्ही कोपर टेबलावर टेकवून आणि कॅनव्हास पकडीने टेबलाला घट्ट बसवून पाहावे.

पक्षाघातानंतर एकच हात चालत असल्यासही हीच युक्ती लागू पडते. मेंदूच्या उजव्या भागाला इजा झालेल्या काही रुग्णांचे डाव्या बाजूकडे लक्षच जात नाही. मी पाहिलेल्या एका बाईंनी कॅनव्हासची उजवी बाजू सुबक भरली होती आणि डावी कोरी ठेवली होती. घरच्यांना तो आळस वाटला. तो आजाराचा भाग होता. अशा वेळी डाव्या कडेला भडक लाल धाग्याची उभी ओळ आधी घालून ठेवावी आणि ‘लाल रेघ दिसेपर्यंत डावीकडे पाहा’ एवढेच सांगावे. व्यवसायोपचार तज्ज्ञ अशीच पद्धत वापरतात. शक्य तेथे त्यांचा सल्ला घ्यावा.

स्मृतिभ्रंशाच्या सुरुवातीच्या अवस्थेत एकच रंग, मोठी जाळी आणि शेजारी बसणारे माणूस एवढे असल्यास काम होऊ शकते. विशेषतः ज्यांनी तरुणपणी भरतकाम केले आहे, त्यांच्या बोटांना ते आठवते. आजार पुढे सरकला, वस्तू तोंडात घातल्या जाऊ लागल्या, की सुई-कात्री बाजूला ठेवून रंगांप्रमाणे लोकरीचे गुंडे लावणे, धागा गुंडाळणे अशी कामे द्यावीत.

हे काम कधीकधी आरशासारखे असते. एका वेळी एक डोळा झाकून जाळीकडे पाहावे. सरळ रेषा वाकड्या, तुटक दिसल्या किंवा मध्ये काळा डाग दिसला तर दिरंगाई न करता नेत्रतज्ज्ञांकडे जावे. डोळ्याच्या पडद्याच्या विकारात असे होते, आणि तो तपासण्यासाठी आम्हीही चौकटींचाच तक्ता वापरतो. आणि काल सहज सुई धरणारा हात आज अचानक ढिला पडला, चेहरा एका बाजूला ओढला गेला किंवा बोलणे अडखळू लागले, तर ‘थकवा असेल’ असे म्हणत थांबू नये. तातडीने मोठ्या रुग्णालयात न्यावे. मेंदूच्या रक्तवाहिनीतील गुठळी विरघळविणारे इंजेक्शन साधारणपणे पहिल्या साडेचार तासांतच देता येते.

घरातल्या माणसांसाठी

आता दोन शब्द सेवा करणाऱ्यांसाठी. आईने दिवसभर चुकीचे घातलेले टाके ती झोपल्यावर उसवून नीट करून ठेवणारी मुलगी मी पाहिली आहे. हेतू चांगला होता. पण आईच्या ते लक्षात आले आणि तिने काम बाजूला ठेवले ते पुन्हा हाती घेतले नाही. चुका तिच्या आहेत, त्या तिच्याच राहू द्याव्यात. विचारले तर दाखवावे, न विचारता हात लावू नये. नमुना आणि रंग त्यांनाच निवडू द्यावेत. ‘वा, किती छान!’ या लहान मुलांना द्यावयाच्या शाबासकीपेक्षा ‘हा निळा येथे का घेतला?’ असा प्रश्न विचारल्यास त्यांना अधिक बरे वाटते, कारण त्या प्रश्नात त्यांच्या विचाराला जागा असते. कामाची एक ठरलेली जागा आणि ठरलेली वेळ असावी, आणि त्या वेळी ‘जरा उठता का’ अशी हाक त्यांना घालू नये.

आपल्यासाठीही एक लहान तुकडा घ्यावा. रुग्णाच्या उशाशी, दवाखान्याच्या बाकावर, सलाइन संपण्याची वाट पाहताना हाताशी काही असणे हा काळजीवाहकाचा अधिकार आहे. एकाच टेबलाशी दोघे आपापले काम घेऊन बसले तर न बोलताही सोबत होते, आणि कित्येकदा औषधांपलीकडचे बोलणे अशाच वेळी निघते.

पहिल्या आठवड्यात फक्त तिरपा टाका, एकाच रंगात. दुसऱ्या आठवड्यात दोन रंगांचे पट्टे. तिसऱ्या आठवड्यात चौकटींच्या कागदावर स्वतः आखलेली एखादी सोपी रांगोळी. चौथ्या आठवड्यात ती जाळीवर. इतके जमले की पुढची वाट आपोआप दिसू लागेल. राणी मेरीने कैदेत भरलेल्या काही तुकड्यांवर तिची मुद्राक्षरे आहेत. आपणही पहिले काम पूर्ण झाल्यावर त्याच्या कोपऱ्यात आपली आद्याक्षरे आणि साल टाक्यांनीच घालावे. त्यासाठी थोडी जागा आरंभीच राखून ठेवावी.